यादीतलं चौथं नाव

१६ फेब्रुवारी १९९८, सोमवार

ल्युबेन आज तिच्या टेबलाशी जाऊन बसला.

सहा वर्षं दर सोमवारी आणि गुरुवारी दहाच्या ठोक्याला हा माणूस आमच्या वाचनालयाचं दार ढकलतो, टोपी खुंटीला अडकवतो आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसतो. आज टोपी त्याच खुंटीला लावली, पण पाय पलीकडे वळले. वर मला म्हणतो, "नेदा, आज तुला त्रास नको. ही पोरगी मशीनवर बघून देते म्हणाली." त्रास! सहा वर्षांत मी कधी काढला का हा शब्द?

पोरगी म्हणजे मिरेला. जानेवारीत सोफियाहून आली. वय सत्तावीस. सोबत एक संगणक, आणि संगणकात पन्नास वर्षांच्या राजपत्रांची सूची. आमच्या सरकारी कागदपत्रांच्या खोलीत आता दोन टेबलं – एक माझं, एक तिचं. मला 'मावशी' म्हणते. मी काय हिच्या आईची बहीण?

दहा मिनिटांत तिने त्याला अठ्ठेचाळीस सालचा शाळेच्या इमारतीचा आदेश काढून दिला. मला तीन दिवस लागले असते. ल्युबेन मोठ्याने हसला. मी मान वर केली नाही.

१९ फेब्रुवारी

पुन्हा तिकडेच. आणि आज पिशवीतून हिरव्या अक्रोडांच्या मुरंब्याच्या दोन बरण्या निघाल्या. एक मला, एक तिला.

दर हिवाळ्यात एकच निघते. तिची बरणी मोठी आहे का, हे मी नीट निरखून पाहिलं. सारख्याच आहेत. म्हणजे एका महिन्याची ओळख आणि सहा वर्षांची ओळख एकाच मापाची!

घरी येऊन बरणी उघडली नाही. फळीवर मागे सारून ठेवली.

२३ फेब्रुवारी

आता कळलं तिला काय काम दिलंय ते. माझंच काम. तेच!

ल्युबेनचं गाव वोद्नो. बेचाळीस वर्षांपूर्वी धरणाखाली गेलं. तेव्हा हा रेल्वेत इंजिनियर, दूर उत्तरेला पूल बांधत होता. आता निवृत्त झाल्यावर गावाचं पुस्तक लिहितोय. शाळा, दवाखाना, भूकंप, देवळाची घंटा – एकेका प्रकरणाचे कागद मी माझ्या हाताने काढून दिले आहेत. एकच राहिलाय. गाव ताब्यात घेतल्याचा आदेश आणि त्याचं परिशिष्ट.

त्या परिशिष्टात दोन याद्या असणार. ज्यांनी आपखुशीने सही करून घर सोडलं त्यांची एक, ज्यांना जबरदस्तीने काढलं त्यांची दुसरी. गाव म्हणतं की ल्युबेनच्या वडिलांनी, स्तामेनने, सगळ्यांच्या आधी सही केली आणि मग बाकीच्यांचं बळ खचलं. दरवर्षी गावकऱ्यांचा मेळावा भरतो, तिथे ल्युबेनच्या थोरल्या भावाच्या, कोस्तादिनच्या, ग्लासाला कुणी ग्लास लावत नाही. बेचाळीस वर्षं! कोस्तादिन अठ्ठ्याहत्तरचा आहे, छातीचं दुखणं जुनं आहे. "त्याला मरायच्या आधी ती यादी एकदा डोळ्यांनी बघायचीय," असं ल्युबेनने मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. मला, मिरेलाला नव्हे.

दोन हिवाळे शोधलं मी. सापडलं नाही, हे खरं. म्हणून काय काम काढून घ्यायचं? गरज सरो, वैद्य मरो. इथे तर गरज सरायच्या आधीच वैद्याला उठवलं.

२ मार्च

काल पहिली मार्च, पण रविवार. म्हणून आज सगळे एकमेकांच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधत होते. ल्युबेननेही आणले. आधी मिरेलाला बांधला, मग मला.

तिचं टेबल दाराजवळ आहे म्हणून, असं मी स्वतःला समजावलं. दाराजवळचं टेबल माझं आहे.

मिरेलानेही मला एक बांधला. "मावशी, वर्षभर निरोगी राहा." मी दातांतल्या दातांत आभार मानले. आता माझ्या मनगटावर दोघांचे दोरे शेजारी शेजारी.

५ मार्च, गुरुवार

नीट लिहिते.

सकाळी मिरेला त्याला म्हणाली, "काका, वोद्नो नावाने पन्नास ते साठ सालात एकही नोंद नाही. असा आदेश छापलाच नसेल कदाचित." मला इतका आनंद झाला, की माझी मलाच लाज वाटली. ल्युबेनचा चेहरा पडला. मग ती म्हणाली, "चला, आधी काहीतरी खाऊ," आणि दोघं समोरच्या बेकरीत गरम बानित्सा खायला गेले. मला विचारलं, हो, विचारलं. "मावशी, येता?" मी म्हटलं, मला पोटाचा त्रास आहे. पोटात दुखतच होतं म्हणा.

खोलीत मी एकटी. मग हट्टालाच पेटले. म्हटलं, मशीनला जे येत नाही ते मी करून दाखवते.

मला हे काम शिकवलं त्स्वेतानाबाईंनी. त्यांचं एक सांगणं असायचं : सरकारी कागद कशाबद्दल आहे ते आधी विचारू नकोस, तो कुणी काढला ते विचार. मी दोन हिवाळे पाटबंधाऱ्यांचे आदेश चाळले, कारण धरण म्हटल्यावर डोळ्यांपुढे पाणी येतं. पण ते धरण विजेसाठी होतं. मग आदेश कुणाचा असणार? वीज खात्याचा! सहा वर्षं ही साधी गोष्ट डोक्यात आली नाही आणि आज जळफळाटात आली.

वीज खात्याचे पंचावन्न सालचे आदेश काढले. तिथेही वोद्नो नाही. पण 'नवं जीवन' नावाच्या एका गावाचा आदेश होता. आमच्या जिल्ह्यात असं गाव? मी कधी ऐकलेलं नाही. मग माझ्या कार्डांच्या कपाटातून गावांच्या नामांतराचे आदेश, वर्षावर वर्ष. एक्कावन्न सालच्या एका आदेशात दोनशे गावांच्या गर्दीत सापडलं : वोद्नो, यापुढे 'नवं जीवन'. नाव दिलं आणि चार वर्षांत गाव बुडवायचा आदेश काढला. ते नाव कुणी तोंडातसुद्धा घेतलं नसणार. लोक वोद्नोच म्हणायचे, पत्रं वोद्नोच्याच पत्त्यावर यायची. ल्युबेन तर तेव्हा तिथे नव्हताच. कोस्तादिनही विसरला असेल. नाव फक्त सरकारी कागदावर जगलं, आणि आदेश निघाला तो त्याच नावाने.

परिशिष्टाचं पान उघडलं. पहिल्या यादीत, सही करणाऱ्यांत, एकतीस नावं. बोट ठेवून दोनदा वाचली. स्तामेन कारादालिएव नाही. दुसरी यादी नऊ जणांची. त्यात चौथं नाव : कारादालिएव, स्तामेन. पुढे शेरा – सही करण्यास नकार, पोलिसांकरवी घराबाहेर काढले.

तेवढ्यात दार वाजलं. दोघं हसत आत आले. त्याच्या मिशीला बानित्साचा चुरा लागलेला, आणि ती त्याला बोटाने दाखवत होती, "इथे, काका, इथे." मी खंड मिटला आणि कपाटात ठेवला.

त्याने एकदा यावं. "नेदा, तूही बघ ना," एवढं म्हणावं. तत्क्षणी देईन.

९ मार्च

तसं काही म्हणाला नाही.

१२ मार्च

ल्युबेन यायच्या आधी मिरेला माझ्याकडे आली. खुर्ची ओढून बसली. "मावशी, एक विचारू? या गावाला आणखी कुठलं नाव होतं का?"

पोरगी मूर्ख नाही. नेमका प्रश्न विचारला.

"होतं की," मी म्हटलं. "सुलुदेरे. तुर्कांच्या वेळचं. चौतीस साली बदललं. काकांनी सांगितलं नाही?"

"ते सांगितलं. त्यानंतरचं?"

"त्यानंतरचं कुठलं?" मी म्हटलं.

खोटं नाही बोलले. तिचाच प्रश्न तिला परत दिला.

खोटंच ते. पानाशी कशाला लपवाछपवी!

१६ मार्च

तिच्या खुर्चीचा पाय डुगडुगत होता. ल्युबेनने घरून स्क्रू-ड्रायव्हर आणून तो पक्का करून दिला. माझ्या टेबलाचा खण सहा वर्षं अडकतोय.

जाताना माझ्याजवळ थांबला. "नेदा, बरी आहेस ना? हल्ली गप्प असतेस."

"बरी आहे."

उभाच राहिला. टोपी या हातातून त्या हातात. काहीतरी बोलायचं होतं त्याला. मी कार्डं लावत बसले. मग तिकडून "काका, हे बघा" अशी हाक आली आणि तो गेला.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. मी मोजलेत, एकोणतीस झाले.

१९ मार्च

आला नाही. सहा वर्षांत तिसऱ्यांदा. मिरेला म्हणाली, "त्यांच्या भावाला इस्पितळात नेलंय. सकाळी फोन आला होता. तुम्हाला नाही केला?"

नाही केला. माझा नंबर सहा वर्षांपासून आहे त्याच्याकडे.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा – कोस्तादिन काय, सहा वर्षं मरतोच आहे. लिहून ठेवते, म्हणजे मी कशी आहे ते पुढे विसरायला नको.

सोमवारी देणार. विचारो न विचारो.

२३ मार्च

आला नाही. परिशिष्टाच्या पानाची प्रत काढून पिशवीत ठेवली आहे. मिरेलाने झेरॉक्सच्या मशीनशी मला पाहिलं, विचारलं काही नाही.

२६ मार्च, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत त्याच्या गल्लीत गेले. काय बोलायचं ते वाटेत घोकत होते. "ल्युबेन, सापडलं." नको. "ल्युबेन, भावाला दाखव हे."

फाटकावर निधनाचं पत्रक चिकटवलेलं. काळी चौकट, फोटो. कोस्तादिन स्तामेनोव कारादालिएव. वीस मार्च. शुक्रवार.

एक पत्रक फाटकावर, एक समोरच्या झाडावर, एक कोपऱ्यावरच्या दुकानाच्या दारावर. असंच एक माझ्या रोजच्या बेकरीशेजारच्या खांबावरही आहे, येताना पाहिलं. पाच दिवस मी त्याच्यासमोर उभी राहून पाव घेतलाय. आपल्याकडे भिंती भरून पत्रकं असतात, नेहमी कोण वाचतं!

बापाचं नाव मधोमध, काळ्या ठळक अक्षरांत. त्याच नावाने त्याला बेचाळीस वर्षं खाल मानेने बसवलं, आणि त्याच नावानिशी तो गेला.

घंटी वाजवली नाही. परत आले.

पाच मार्च ते वीस मार्च. नऊला, बाराला आणि सोळाला ल्युबेन माझ्यापासून दहा पावलांवर बसला होता.

२ एप्रिल

झोप नाही. मी त्याला मारलं नाही, त्याची छाती खराब होती, हे मला कळतं. पण त्याला जे बघायचं होतं ते माझ्या कपाटात होतं, हेही कळतं.

१६ एप्रिल

ईस्टरच्या आधीचा गुरुवार. सकाळी टेबलावर माझ्या चष्म्याशेजारी एक लाल अंडं. मिरेला म्हणाली, "मावशी, मी आज पहाटे रंगवली. पहिलं लाल अंडं घरातल्या माणसासाठी ठेवतात ना. माझं इथे कुणी नाही, म्हणून तुम्हाला."

ही भाड्याच्या खोलीत राहते. आई सोफियाला. इतक्या दिवसांत मी तिला एकदाही विचारलं नाही की जेवतेस कुठे, रविवारी काय करतेस. नुसतं पाण्यात पाहिलं.

"रविवारी दुपारी माझ्याकडे ये," मी म्हटलं. ती इतकी पटकन हो म्हणाली, की मला मान वळवावी लागली.

१९ एप्रिल, ईस्टर

मिरेला जेवली. कोकराचं मटण दोनदा घेतलं. फळीवरची अक्रोडाची बरणी तिनेच शोधली. "अय्या, तुमची अजून बंदच? माझी कधीच संपली." उघडली, खाल्ली. चांगला झालाय मुरंबा.

तिला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

२८ एप्रिल, मंगळवार

मंगळवार त्याचा दिवस नव्हे. तरी आला. आज कोस्तादिन जाऊन चाळिसावा दिवस, स्मशानातून थेट इकडे. हातात उकडलेल्या गव्हाचे कागदी पेले, वर पिठीसाखर. एक मिरेलाला दिला. "देव त्याला क्षमा करो," ती म्हणाली. मग दुसरा घेऊन माझ्यासमोरच्या खुर्चीत बसला.

दहा आठवडे मी या क्षणाची वाट पाहिली होती. आणि बसला तेव्हा मला उठून पळून जावंसं वाटलं.

"ती यादी आता शोधायला नको," तो म्हणाला. "ज्याला बघायची होती तो गेला."

मी गव्हाचा चमचा तोंडात घातला.

"तुला राग आला होता ना, मी तिकडे बसायला लागलो म्हणून?"

"छे. राग कसला?"

"आला होता. तू रागावलीस की कार्डं लावत बसतेस, लावलेलीच पुन्हा लावतेस." हसला जरा. मग टोपीकडे बघत म्हणाला, "नेदा, खरं सांगू? मला भीती वाटत होती. भाऊ सारखी घाई करत होता, म्हणायचा, जे असेल ते असो, पण बघून घे. मला वाटायचं, यादी निघाली आणि बापाचं नाव खरंच सही करणाऱ्यांत असलं, तर ते आधी तू वाचणार. तुझ्या हातून तो कागद माझ्याकडे येणार. मग मी या खुर्चीत कोणत्या तोंडाने बसलो असतो? ती पोर चांगली आहे, पण ती कोण, मी कोण! तिने काहीही वाचलं तरी मला काय? तुझं तसं नाही."

त्याने माझ्या गप्प बसण्याचा भलताच अर्थ लावला असावा, कारण माझ्या हातावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"सहा मेला मेळावा आहे," उठता उठता म्हणाला. "यंदा नाही जाणार. आतापर्यंत टोमणे दोघांत वाटले जायचे. आता एकट्याने कोण खाणार? आपण घंटेचं प्रकरण पुरं करू. गुरुवारी येतो. इथेच बसतो."

गेला. मिरेला म्हणाली, "बघा मावशी, आले की नाही तुमचे काका परत?"

मी गप्प राहिले तर हे कुणाला कधीच कळणार नाही. मिरेलाने शोध सोडला आहे. ल्युबेनने सोडला आहे. प्रत माझ्या पिशवीत आहे आणि घरात शेगडी आहे. गुरुवारी दहाला तो माझ्यासमोर बसेल, आणि पुढच्या गुरुवारी, आणि त्याच्या पुढच्या. यादी देता येईल, तेही खरं. म्हणेन, परवा सापडली. नामांतराचा आदेश दाखवेन, तो मला शहाणी म्हणेल, मेळाव्याला जाईल, सगळ्यांच्या नाकासमोर कागद धरेल. आणि मी त्याच्यासमोर बसून कॉफी पीत राहीन.

तोच हात मला पुन्हा हवा आहे. पानाशी काय लपवू!

३० एप्रिल, गुरुवार

सही-शिक्क्याच्या नकलेला आम्ही एक दाखला जोडतो. त्यावर शेवटी दोन रकाने असतात : कुणी शोधलं, कधी शोधलं. पहिल्यात माझं नाव लिहिलं. दुसऱ्यात पाच मार्च. शिक्का मिरेलाकडे असतो. तिने तारीख वाचली, माझ्याकडे बघितलं, आणि शिक्का मारला.

दहाला तो आला. समोर बसला. मी कागद पुढे सरकवला. त्याने वडिलांचं नाव वाचलं, पुढचा शेरा वाचला, आणि त्या ओळीवर बोट ठेवून कितीतरी वेळ रडत राहिला. मग डोळे पुसून दाखला वाचायला घेतला, वरपासून, एकेक ओळ.